सीझिनकोट: कॉट्सवोल्ड्समधल्या घुमटवाल्या वाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडला कोणी पाहुणे आले की मी त्यांना सीझिनकोटला नेते, आणि मग गाडीत, बागेत, परत येताना तेच ते प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. यापुढे विचारलंत तर लिंक पाठवून देईन, वाईट वाटून घेऊ नका.

हे सीझिनकोट नक्की आहे कुठे?

ग्लॉस्टरशायरमध्ये, मॉरटन-इन-मार्श नावाच्या छोट्या गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर. कॉट्सवोल्ड्स म्हणजे पिवळसर दगडांची घरं, मेंढ्या, लुसलुशीत टेकड्या, कॅलेंडरवर असतं ना तसलं इंग्लंड. त्या टेकड्यांमध्ये झाडीतून अचानक एक हिरवा तांब्याचा कांद्यासारखा घुमट वर येतो. माझी आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगं, इथे दर्गा कसा काय?" दर्गा नाही, मंदिर नाही, राजवाडाही नाही. राहतं घर आहे, आणि तेसुद्धा एका इंग्रजाने स्वतःला राहायला बांधलेलं.

उच्चार?

सीझ-इन-कोट. लिहिताना एस ई झेड असं काहीतरी विचित्र दिसतं पण म्हणताना सोपं आहे. नावाचा भारताशी काहीच संबंध नाही हं, खूप जणांना वाटतं की सिंहकोट वगैरेचा अपभ्रंश असेल. जुन्या फ्रेंचमधला ओकच्या झाडाचा शब्द आणि 'कोट' म्हणजे झोपडी किंवा घर, असं ते मिळून झालंय, असं म्हणतात. ओकांचं घर. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने सगळ्या देशाची जमीन-जुमला नोंदवून घेतला त्या वहीत, ही जागा आहे. आपल्याकडच्या सात-बाराचा खापरपणजोबा म्हणा.

मॅनर हाऊस म्हणजे काय? वाडा, हवेली, फार्महाऊस, काय म्हणायचं?

मूळ अर्थ धरला तर मॅनर म्हणजे जहागीर, आणि त्या जहागिरीच्या मालकाचं घर म्हणजे मॅनर हाऊस. आजूबाजूची शेतं, कुळं, जंगल, कधी गिरणी, हे सगळं त्या घराच्या नावावर चालायचं. देशमुखांचा वाडा डोळ्यासमोर आणा, फक्त गावाच्या मधोमध नाही तर गावापासून लांब आणि चारही बाजूंनी मोकळं कुरण. ते मोकळं कुरणसुद्धा नैसर्गिक नसतं बरं का, ते पार्क म्हणून मुद्दाम आखलेलं असतं, कुठे झाडांचा पुंजका, कुठे तळं, खिडकीतून कसं दिसेल याचा हिशोब करून. अठराव्या शतकात यावर इंग्रजांनी जेवढे पैसे उधळले तेवढे आपण लग्नात उधळतो.

कोणी बांधलं? भारतातल्या कुठल्या राजाने?

नाही हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

कॉकरेल नावाचे तीन भाऊ होते. एक जॉन, कर्नल, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत. त्याने १७९५ मध्ये ही इस्टेट अर्ल ऑफ गिल्फर्डकडून विकत घेतली आणि १७९८ मध्ये तो वारला. मग ती आली धाकट्या चार्ल्सकडे. चार्ल्स कॉकरेल (१७५५ ते १८३७) हासुद्धा कंपनीचाच माणूस, तरुणपणीच बंगालला गेलेला, कलकत्त्यात पोस्टमास्टर जनरल होता आणि वर एका मोठ्या एजन्सी हाऊसमध्ये पार्टनर. खरा पैसा त्या एजन्सी हाऊसचा. तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल, हा आर्किटेक्ट (नाव ओळखीचं वाटलं ना? डायरी लिहिणारा तो प्रसिद्ध पेपिस यांच्या आईकडच्या नात्यातला). तर चार्ल्सने साधारण १८०५ च्या सुमाराला भावाला सांगितलं की मला हिंदुस्थानी पद्धतीचं घर हवंय, आणि भावाने ते करून दिलं.

आता गंमत ऐका. भाऊ आयुष्यात कधी भारतात आलाच नाही!

मग त्याला घुमट, छत्र्या, छज्जे हे सगळं कसं माहीत?

चित्रांवरून. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि १७९३ पर्यंत अख्खा देश पालथा घातला, गढवालपासून थेट दक्षिणेच्या टोकापर्यंत, पालखीतून, होडीतून, कसंही. सोबत कॅमेरा ऑब्स्क्यूरा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर पाडणारी भिंगाची पेटी, त्यामुळे देवळाची कमान कागदावर बरोबर मापात उतरायची. परत जाऊन त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' नावाने १४४ मोठी छापील चित्रं काढली, १७९५ ते १८०८ इतकी वर्षं ते काम चाललं. इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी ताजमहाल पहिल्यांदा नीट बघितला तो असल्या चित्रांतून. सीझिनकोटसाठी थॉमस डॅनियल स्वतः सल्लागार होता, आणि बागेतलं देऊळ आणि पूल तर त्यानेच डिझाईन केलेत.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच असते, पाहुणे कंटाळले तरी सांगते. डॅनियल काका-पुतणे दिल्लीत कधी होते? १७८९ च्या सुरुवातीला. आणि तेव्हा दिल्ली कोणाच्या ताब्यात? महादजी शिंद्यांच्या! गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले ते १७८८ मध्ये, त्याच वर्षी मराठी फौजेने आग्रा सोडवलं आणि मग दिल्लीही घेतली. म्हणजे जी मुघली इमारत बघून हा कॉट्सवोल्ड्समधला घुमट आला ती डॅनियलने कागदावर उतरवली तेव्हा तिच्यावर राखण मराठ्यांची होती. आणि १८०३ मध्ये ते सगळं गेलं, दिल्ली इंग्रजांच्या जनरल लेकने घेतली, इकडे असईची लढाई हरलो, मग अडगावची. दोनच वर्षांनी इथे घराचं काम. हे गाइड सांगत नाहीत, त्यांना माहीत नसतं किंवा त्यांना त्यात इंटरेस्ट नसतो, पण आपल्याला असायला हवा की नाही?

महाराष्ट्राचं अजून काही आहे का तिथे?

आहे, आणि तेच माझं सगळ्यात लाडकं. बागेतल्या ओढ्यावर जो पूल आहे त्याच्या खाली उतरा. पुलाला आधार देणारे खांब जाड, बुटके, वरती उशीसारखा गोल फुगवटा असलेले. ओळखीचे वाटतात? गेटवेवरून लाँचमध्ये बसून जिथे आपण शाळेच्या ट्रिपला गेलो तिथले, घारापुरीच्या लेण्यांचे! एलिफंटाचे खांब बघून डॅनियलने हे केले. आपल्या तिथे ते डोंगर कोरून काढलेले, वरून अख्ख्या डोंगराचा भार, आणि इथे त्यांच्यावर एक छोटासा पूल आणि खाली पायाच्या घोट्याएवढं पाणी.

डॅनियल मुंबईला आले १७९३ मध्ये, भारतातून निघायच्या बेतात असताना. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला, स्कॉटिश चित्रकार. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस शेजारी शेजारी बसलेत ते मोठं तैलचित्र आठवतंय का, ते ह्याच वेल्सचं. वेल्सबरोबर ते लेणी बघत हिंडले. वेल्स १७९५ मध्ये वारला, आणि त्याने केलेली वेरूळची चित्रं डॅनियलने पुढे १८०३ मध्ये छापून काढली. म्हणजे सीझिनकोटचा पूल उभा राहिला त्याच्या थोडं आधी डॅनियलच्या टेबलावर वेरूळ होतं. पुलाच्या खांबांना हात लावताना मला दरवेळी हे आठवतं.

पुलावरचे ते बैल म्हणजे नंदी का?

इंग्रज त्यांना ब्राह्मिन बुल्स म्हणतात. बसलेले आहेत, वशिंड आहे, आपण बघितल्याबरोबर नंदीच म्हणणार. फक्त समोर शंकर नाही, ते कठड्यावर बसून टेकडीकडे बघतात. ह्या बैलांवरून तेव्हा म्हणे चर्चा झाली होती, कुठे ठेवायचे, ठेवायचे की नाही, तर डॅनियलने कॉकरेलला पत्रात लिहिलं की देवांचा कारागीर विश्वकर्मा जरी सीझिनकोटला डोकावून गेला तरी तोही म्हणेल बैल आहेत तिथेच असू देत. इंग्रज चित्रकार मालकाला गप्प करायला विश्वकर्म्याचा दाखला देतोय, १८११ च्या आसपास, मला तर हे फार आवडलं.

आणि देऊळ? पूजा होते का?

देऊळ सूर्याचं आहे, ओढ्याच्या उगमापाशी, वरच्या अंगाला. आत सूर्याची मूर्ती. दगडाची वाटते पण ती कोड स्टोनची आहे, म्हणजे लंडनच्या लॅम्बेथमध्ये एलेनॉर कोड नावाच्या बाईंचा कारखाना होता तिथली भट्टीत भाजलेली कृत्रिम दगडासारखी माती. पूजा नाही होत, कधीच झाली नाही, ते बागेचं शोभेचं देऊळ. त्या काळच्या इंग्लिश बागांमध्ये ग्रीक देवळं, पडके मनोरे, असलं काय काय नवीनच बांधून ठेवायची फॅशन होती, त्यातलाच हा प्रकार फक्त देव बदलला. माझ्या मावशीने तरीही चपला काढल्या आणि हात जोडले. सूर्याला काय, तो कुठेही पोचतो, असं तिचं म्हणणं, आणि त्या दिवशी पाऊस होता हे वेगळं सांगायला नको.

देवळापुढे गोल कुंड, कुंडातलं पाणी खाली झिरपत पुलाखालून पुढच्या तळ्यात. त्या तळ्यात खोडाला वेटोळं घातलेला तीन फण्यांचा साप आहे, कारंजं आहे ते. पुलाच्या खालून पाण्यात ठेवलेल्या दगडांवरून पलीकडे जाता येतं आणि तिथेच एक बाक आहे, पुलाच्या पोटात बसून साप बघत बसायचं. उन्हाळ्यात तिथे इतकं गार असतं, लहान मुलांना तिथून उठवणं महामुश्कील.

घर आतूनही भारतीय आहे का?

अजिबात नाही! इथेच सगळ्यांचा पोपट होतो. बाहेर घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट, पावसाच्या नव्हेत), खिडक्यांच्या वर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी, खोल छज्जे, आणि दारातून आत गेलात की शुद्ध इंग्लिश क्लासिकल. मधोमध मोठा जिना घुमटाखालून दोन्ही बाजूंनी वर चढतो, वरच्या मजल्यावर दिवाणखाना. जेवायला, बसायला, पाहुण्यांना घ्यायला त्यांना त्यांच्याच पद्धतीचं हवं होतं. हिंदुस्थान फक्त बाहेरून अंगावर घेतलेला, शालीसारखा. एक अपवाद म्हणजे चार्ल्सची बेडरूम, ती तंबूसारखी सजवलेली, कापडाला भाल्यांचा आधार. छावणीची आठवण येत असेल म्हातारपणी, काय माहीत.

छज्जांचं तर मला हसूच येतं. आपल्याकडे छज्जा कशासाठी, एप्रिल-मेचं ऊन आणि जुलैचा मुसळधार पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून. इथे ऊन म्हणजे वर्षातून मोजून काही आठवडे, लोक अंगावर घ्यायला धावतात, आणि त्यांनी त्याच्यावर छज्जा काढून ठेवलाय.

दगड असा केशरी का?

कॉट्सवोल्ड्सचा दगड मुळात मधासारखा पिवळा असतो, पण इथला जास्तच तांबूस. त्याला मुद्दाम रंग चढवला, हिंदुस्थानी वाटावा म्हणून, असं म्हणतात. संध्याकाळी साडेचार-पाचच्या उन्हात तो जो दिसतो ना, फोटोत येत नाही.

हे घर हिंदू आहे की मुस्लिम?

प्रश्न आमच्या एका काकांचा. घुमट आणि कमानी मुघल पद्धतीच्या, छज्जे, कंसासारखे तोडे आणि छत्र्या हे आधीपासूनच्या देशी बांधणीतलं, आणि बागेत सूर्य आणि बैल. अकबराच्या काळात फतेहपूर सिक्रीला हे एकत्र केलेलंच आहे, कॉकरेलने तीच भेळ उचलली. कलकत्त्यात इतकी वर्षं काढून त्याला हे वेगवेगळं करायची गरज वाटली नाही, मलाही वाटत नाही, काकांना वाटते.

ब्रायटनच्या पॅव्हिलियनशी काय संबंध आहे?

पॅव्हिलियन म्हणजे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावातला राजघराण्याचा घुमटवाला वाडा. १८०७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, सीझिनकोटला येऊन गेला. ब्रायटनला त्याच्या घोड्यांचे तबेले त्याच्या आधीपासूनच हिंदुस्थानी ढंगात बांधायला घेतले होते, त्यामुळे सगळं श्रेय सीझिनकोटला देऊ नये, पण बघून तो खूश झाला हे नक्की. हम्फ्री रेप्टन, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला बागा आखणारा, सीझिनकोटच्या बाबतीत त्याचा सल्ला घेतलेला, त्याने तिथून प्रभावित होऊन ब्रायटनसाठी हिंदुस्थानी डिझाईन काढून दिलं. बिचाऱ्याला काम मिळालं नाही. १८१५ नंतर जॉन नॅशने जे बांधलं ते आजचं पॅव्हिलियन, घुमटांची जत्रा. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होतं, ती वेगळीच गोष्ट आहे, त्यावर कधीतरी सविस्तर.

माझं मत विचाराल तर ब्रायटन म्हणजे लग्नाचा मंडप आणि सीझिनकोट म्हणजे घरातलं हळदीकुंकू.

पैसा कुठून आला? म्हणजे आपलाच ना?

हो, बंगालचा. त्याला गुळगुळीत करून सांगायची गरज नाही. कंपनीचे नोकर पगारावर श्रीमंत झाले नाहीत, व्यापार, दलाली, सावकारी यावर झाले. एजन्सी हाऊस म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांची बचत ठेवून घ्यायची, ती नीळ, जहाजं, माल यात फिरवायची आणि विलायतेला पाठवायची, बँक आणि अडत दुकान एकत्र केल्यासारखं. असे पैसे घेऊन परत गेलेल्यांना इंग्लंडमध्ये 'नेबॉब' म्हणायचे, आपला नवाब शब्द वाकडा करून, आणि तो काही कौतुकाने म्हणत नसत. जुने जमीनदार नाकं मुरडायचे. म्हणून बाकीचे नेबॉब शहाणपणाने अगदी ग्रीक-रोमन खांबांची घरं बांधायचे, कोणाला पैशाचा वास येऊ नये म्हणून. कॉकरेलने उलट केलं, घुमटच चढवला! ह्याला प्रामाणिकपणा म्हणायचं की मिजास, ते तुम्ही ठरवा, मी दोन्ही बाजूंनी भांडून झालेय. १८०९ मध्ये तो बॅरोनेट झाला, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर' हा किताब मिळाला, पार्लमेंटातही होता, म्हणजे घुमटाने काही अडलं नाही.

शेजारीच, गाडीने वीस मिनिटांवर, डेल्सफर्ड आहे. ते वॉरन हेस्टिंग्जचं, कंपनीच्या बंगालमधल्या गव्हर्नर जनरलचं घर. हो तोच, ज्याच्या काळात आपलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह. त्याचं घरही ह्याच सॅम्युअल कॉकरेलने केलं, सीझिनकोटच्या आधी, तिथेही एक घुमट आहे पण जरा बिचकत बिचकत काढलेला. ते खासगी आहे, बघायला मिळत नाही.

नंतर काय झालं? अजून त्याच कुटुंबाकडे आहे?

नाही. चार्ल्सच्या मुलाने आईकडचं रशाउट आडनाव लावलं, १८८४ मध्ये इस्टेट डगडेल घराण्याला विकली गेली. १९२० च्या दशकात कवी जॉन बेट्जमन ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांच्याकडे रविवारी जेवायला यायचा. १९४४ मध्ये बँकर सिरिल क्लाइनवर्ट यांनी घेतली, तेव्हापासून त्यांच्याच कुटुंबात आहे. बाग आज जी दिसते त्यात क्लाइनवर्ट बाईंचा मोठा हात, ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस या जाणकाराच्या मदतीने त्यांनी ओढ्याकाठची लागवड पुन्हा उभी केली. १९६० च्या दशकात भारत बघून आल्यावर घरापुढे मुघल पद्धतीचा पाण्याचा सरळ पाट आणि चार भागांची बाग केली. ताजमहालच्या सरूंच्या जागी इथे आयरिश यू लावलेत, थंडीत टिकतात म्हणून. म्हणजे घरासमोरची ती 'जुनी मुघल बाग' आपल्या आई-बाबांच्या वयाची आहे. फोटोखाली दोनशे वर्षं जुनी असं लिहू नका प्लीज.

घर आणि बाग दोन्ही वारसा जपायच्या सरकारी यादीत ग्रेड वन, म्हणजे एक खिळाही परवानगीशिवाय हलवायचा नाही.

कसं जायचं, कधी जायचं?

लंडन पॅडिंग्टनवरून मॉरटन-इन-मार्शला थेट ट्रेन, दीड तासाच्या आसपास, पुढे टॅक्सी किंवा चालत. गाडीने ए ४४. बाग हिवाळ्याचा काही काळ सोडून उघडी असते, घर मात्र फक्त उन्हाळ्यात आणि तेही आठवड्यातले ठराविक दिवस दुपारी, त्यामुळे निघण्याआधी वेबसाईट बघाच, मी एकदा सोमवारी सहा जणांना घेऊन बंद गेटसमोर उभी होते. चहा-केक ऑरेंजरीत, घराला चिकटून वळत गेलेल्या त्या काचेच्या लांब दालनात. मे-जूनमध्ये ओढ्याकाठी प्रिम्युला, होस्टा, आणि गनेरा नावाचं प्रकरण, त्याची पानं अळूच्या पानासारखी दिसतात पण आकार छत्रीएवढा. आईने त्याच्या वड्या किती होतील याचा हिशोब तिथल्या तिथे करून दाखवला.

तिकीट काढायचं नसेल तर?

हार्ट ऑफ इंग्लंड वे नावाची सार्वजनिक पायवाट सीझिनकोटच्या पार्कातून जाते, बोर्टन-ऑन-द-हिल गावातून धरायची आणि लाँगबरोच्या दिशेने चालायचं. फुकट. वाटेत मेंढ्या, जुने ओक, आणि एका वळणावर लांबून घुमट. पूल आणि देऊळ नाही दिसत, ते बागेच्या आत. चिखलाचे बूट घाला, कोल्हापुरी घालून आलेल्या माणसाला मी पाठीवर घेणार नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.